बाहेरच्या माणसाची नावे : मराठीतील परकेपणदर्शक शब्दांचा विचार

प्रस्तावना

'परका', 'परकीय', 'परदेशी', 'विदेशी', 'परप्रांतीय', 'उपरा', 'तिऱ्हाईत', 'पाहुणा' हे सर्व शब्द मराठीत बाहेरच्या माणसासाठी वापरले जातात. शब्दकोशात त्यांचे अर्थ एकमेकांच्या शेजारी येतात; व्यवहारात मात्र एकाच्या जागी दुसरा चालत नाही. परदेशी पाहुण्यांचे स्वागत होते, परकीय सत्तेविरुद्ध लढा दिला जातो, विदेशी मालावर बहिष्कार टाकला जातो, परप्रांतीयांचा 'प्रश्न' निर्माण होतो आणि उपऱ्याला गावात जागा मिळत नाही. शब्द बदलला की बाहेरून आलेल्या माणसाशी कसे वागायचे याची अपेक्षाही बदलते. म्हणूनच या शब्दांचा अभ्यास हा केवळ व्युत्पत्तीचा विषय राहत नाही. तो समाजातील हक्क, सत्ता आणि नाते यांच्या अभ्यासाचा भाग ठरतो.

प्रस्तुत लेखात मराठीतील, आणि मराठीच्या पूर्वपरंपरेतील, काही निवडक परकेपणदर्शक शब्दांचा विचार केला आहे. हे शब्द कोणत्या आधारावर माणसाला बाहेरचा ठरवतात, त्यांचा अर्थ काळानुसार कसा सरकतो आणि या सरकण्यामागे कोणती कारणे असतात, हे तीन प्रश्न येथे मध्यवर्ती आहेत. धर्म, जात व प्रदेश यांवरून दिल्या जाणाऱ्या सर्व नावांची यादी करणे हा लेखाचा हेतू नाही.

१. परकेपण हा गुण नसून संबंध

'उंच', 'गोरा', 'वृद्ध' ही विशेषणे व्यक्तीबरोबर प्रवास करतात. 'परका' हे विशेषण तसे नाही. ते 'येथे', 'तेथे', 'डावीकडे' यांसारख्या शब्दांच्या अधिक जवळचे आहे. बोलणारा कोठे उभा आहे हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ पूर्ण होत नाही. एकच माणूस आपल्या गावी घरचा, तालुक्याच्या ठिकाणी खेडवळ, मुंबईत घाटी, दिल्लीत मराठा आणि परदेशात भारतीय असतो. माणूस बदललेला नसतो, पाहणाऱ्याची जागा बदललेली असते.

मराठी आडनावांतील 'कर' हा प्रत्यय या दृष्टीने लक्षणीय आहे. पेण गावात सगळेच पेणचे असल्याने 'पेणकर' या नावाने कोणाचीही वेगळी ओळख पटत नाही. ते नाव उपयोगी पडते ते पेणच्या बाहेर. म्हणजे गावाशी नाते सांगणारे हे आडनाव बहुधा गाव सोडल्यावर अर्थपूर्ण होते. मुळाची खूण आणि स्थलांतराची खूण ही दोन्ही कामे ते एकाच वेळी करते. कोकणातील बेने इस्राएल समाजाने गावांच्या नावांवरून अशीच आडनावे घेतली. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा समाज स्थानिक लोकांच्या तोंडी 'शनवार तेली' या नावाने ओळखला गेला. त्याचे धार्मिक वेगळेपण लपलेले नव्हते. परंतु व्यवसाय आणि गाव यांच्या चौकटीत बसणारे नाव मिळाल्यामुळे ते वेगळेपण परकेपण ठरले नाही.

याच्या उलट बाजूस 'परदेशी' हे आडनाव आहे. मराठेशाहीच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या शिपायांना 'परदेशी' म्हटले जाई. 'देश' या शब्दाचा अर्थ त्या काळी आजच्यासारखा राष्ट्रवाचक नव्हता, त्यामुळे आजच्या नकाशावर भारतीय असलेला माणूसही तेव्हा परदेशी ठरत असे. त्यांपैकी अनेक कुटुंबे महाराष्ट्रात कायमची स्थिरावली. पिढ्यान्पिढ्या मराठी बोलणारी ही कुटुंबे आजही 'परदेशी' हे आडनाव लावतात. शब्दातील 'देश' विस्तारला आणि नावातील परकेपण केवळ अक्षरांपुरते उरले.

२. वाणीवरून ठरलेला परका : म्लेच्छ आणि यवन

बाहेरच्या माणसाची सर्वांत पहिली जाणीव होते ती त्याच्या बोलण्यातून. संस्कृतातील 'म्लेच्छ' हा शब्द अस्पष्ट बोलण्याचा अर्थ असलेल्या धातूशी संबंधित आहे. 'शतपथ ब्राह्मणा'त असुरांच्या अशुद्ध उच्चाराची कथा येते, तर पतंजलीने 'महाभाष्या'च्या आरंभी व्याकरणाच्या अभ्यासाची प्रयोजने सांगताना म्लेच्छ होणे टाळावे हेही एक प्रयोजन म्हणून दिले आहे. याचा अर्थ असा की, प्रारंभी म्लेच्छपण हे जन्माइतकेच उच्चाराशी निगडित होते आणि ते शिक्षणाने टाळता येण्यासारखे मानले जाई. पुढे हाच शब्द आचार, धर्म व वंश यांच्याशी जोडला गेला आणि टाळता येण्याची ही वाट बंद झाली. ग्रीकांनी परभाषकांसाठी वापरलेला 'बार्बरोस' हा शब्दही न कळणाऱ्या बडबडीच्या अनुकरणातून आल्याचे मानले जाते. ज्याचे बोलणे कळत नाही त्याला बोलताच येत नाही, असे समजण्याची प्रवृत्ती अशी एकाहून अधिक संस्कृतींत आढळते.

'यवन' या शब्दाचा प्रवास अधिक बोधप्रद आहे. आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावाचे प्राचीन पर्शियन रूप 'यौन' असे होते. त्याच्याशी निगडित असलेला 'यवन' हा शब्द पाणिनीच्या व्याकरणात आढळतो, तर अशोकाच्या शिलालेखांत 'योन' हे प्राकृत रूप येते. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा पुरावा सह्याद्रीतील लेण्यांमध्ये आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या यवनांच्या दानांची नोंद आहे. नाशिकच्या लेण्यात धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त स्वतःला दात्तामित्री येथील, उत्तरेकडचा 'योनक' म्हणवतो. नाव इंद्र आणि अग्नी यांचे, दान बौद्ध संघाला आणि ओळख योनक. या तिन्ही गोष्टी एकाच लेखात सुखाने नांदतात. येथे 'योनक' ही शिवी नसून दात्याने स्वतः कोरवून घेतलेला पत्ता आहे.

त्याच नाशिकच्या डोंगरात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचे वर्णन शक, यवन व पह्लव यांचा संहार करणारा असे केले आहे. एकाच परिसरातील कोरीव लेखांत यवन दाता आहे आणि यवन वधयोग्य शत्रूही आहे. दानलेखात यवन ही एक व्यक्ती आहे. तिला नाव, पिता आणि गाव आहे. प्रशस्तीत यवन हा नाव नसलेला समूह आहे. परकेपणदर्शक शब्दांच्या वापरातील एक मूलभूत नियम येथे दिसतो. व्यक्तीच्या नावाबरोबर आलेला असा शब्द बहुधा माहिती देतो. व्यक्तीची नावे पुसून समूहाला लावलेला तोच शब्द भय किंवा शौर्य यांचे साधन बनतो.

मध्ययुगात 'यवन' हा शब्द मुसलमानांसाठी रूढ झाला आणि ग्रीकांशी असलेला त्याचा संबंध सामान्य वाचकाच्या दृष्टीने संपला. 'कान न टोचलेला' या अर्थाचा 'अविंध' हा शब्दही जुन्या मराठीत याच समाजासाठी येतो. बोलण्यावरून सुरू झालेली ओळख अशा रीतीने देहावरील खुणेपर्यंत पोहोचली. येथे आणखी एका गोष्टीची नोंद आवश्यक आहे. जुन्या ग्रंथांतील या शब्दांचा अर्थ आजच्या एखाद्या समाजावर जसाच्या तसा लादणे ही इतिहासवाचनातील गंभीर चूक ठरते. अध्यापनात या शब्दांचा काळ आणि संदर्भ सांगितला गेला नाही, तर विद्यार्थी शब्दाबरोबर वैरही वारशाने घेतो.

३. टोपीकर, फिरंगी, हबशी आणि साहेब

समुद्रमार्गे आलेल्या युरोपीय लोकांसाठी मराठीने बारकाईने शब्द घडवले. पहिल्या धर्मयुद्धांच्या काळापासून पश्चिम आशियात पश्चिम युरोपातील लोकांना 'फ्रँक' या जमातीच्या नावावरून ओळखले जाई. त्या नावाचे अरबी-फार्सी रूप 'फिरंगी' होऊन भारतात आले. मराठी कागदपत्रांत मात्र त्याचा अर्थ आकुंचित होऊन तो प्रामुख्याने पोर्तुगीजांसाठी वापरला गेला. त्यांच्या वसईकडील मुलखाला 'फिरंगाण' म्हणत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई घेतली तो हाच मुलूख. इंग्रज, 'फरासीस' म्हणजे फ्रेंच, 'वलंदेज' म्हणजे डच आणि 'डिंगमार' म्हणजे डेन्मार्कचे लोक यांना स्वतंत्र नावे होती. या सर्वांचे एकत्रित नाव 'टोपीकर' असे होते.

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्य यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त टोपीकरांचा विचार व्यापाऱ्यांच्या संदर्भात येतो. हे इतर सावकारांसारखे साधे व्यापारी नाहीत, त्यांच्यामागे राज्यकर्ते आहेत आणि त्यांना भूमीचा लोभ आहे, असा इशारा तेथे दिला आहे. पोशाखावरून दिलेले 'टोपीकर' हे नाव वरवरचे वाटत असले, तरी त्यामागील निरीक्षण वरवरचे नव्हते. कोणत्या टोपीकराशी कोणता व्यवहार करावा हे ठरवायचे असल्यामुळे मराठी दरबाराला त्यांच्यातील भेद माहीत असणे आवश्यक होते. जेथे प्रत्यक्ष व्यवहार असतो तेथे परक्यांची नावे नेमकी असतात. व्यवहार संपला की नावे सरसकट होतात. आज 'फिरंगी' हा शब्द कोणत्याही गोऱ्या पाश्चात्त्य माणसाला लावला जातो, तर 'वलंदेज' व 'डिंगमार' हे शब्द केवळ इतिहासाच्या अभ्यासकांपुरते उरले आहेत.

याच काळातील दोन शब्दांची तुलना येथे उपयुक्त ठरेल. 'हबशी' हा शब्द अ‍ॅबिसिनियाच्या 'हबश' या अरबी नावावरून आला, तर 'सिद्दी' या शब्दाचे मूळ 'माझे स्वामी' या अर्थाच्या अरबी आदरार्थी संबोधनात असल्याचे मानले जाते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा सूत्रधार झाला आणि १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने मुघलांना दक्षिणेत थोपवून धरले. जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान तर १९४८ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत टिकले. त्या काळी 'हबशी' हा शब्द दरबारातील एका बलाढ्य गटाचे नाव होता. आज मात्र मराठी बोलीत तो काळ्या रंगावरून वा आडदांडपणावरून हिणवण्यासाठी वापरला जातो आणि आफ्रिकेतून शिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्याच्या कानी पडल्यास त्याचा अपमानच होतो.

'साहेब' हाही मूळ अरबी शब्द. इंग्रजी अमदानीत तो गोऱ्या अधिकाऱ्याचे दुसरे नाव झाला. राज्य गेले, गोरा अधिकारी गेला, पण शब्द येथील अधिकाऱ्याला चिकटून राहिला आणि त्यातील परकेपण पूर्णपणे पुसले गेले. दोन्ही शब्द बाहेरून आले आणि दोन्ही बाहेरून आलेल्यांना लावले गेले. एक चढला आणि दुसरा घसरला. या फरकाचे कारण व्युत्पत्तीत सापडत नाही. ज्या समूहाची सत्ता संपते आणि ज्याच्याविषयी प्रत्यक्ष माहिती उरत नाही, त्याचे नाव हिणकस होण्यास वेळ लागत नाही. रंगाविषयीचा पूर्वग्रह या घसरणीला हातभार लावतो.

व्याकरणाच्या पुस्तकांत फार्सी, अरबी, पोर्तुगीज, इंग्रजी शब्दांची नोंद 'परभाषीय शब्द' अशी होते. शिवकाळातील 'राज्यव्यवहारकोशा'ने फार्सी राज्यशब्दांना संस्कृत पर्याय दिले, तर विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. तरीही परक्याला नाव देण्यासाठी मराठीने वापरलेले फिरंगी, हबशी, गनीम, विलायती हे शब्द स्वतःच बाहेरून आलेले आहेत. 'विलायती' या शब्दाची व्याप्तीही अशीच पाहण्यासारखी आहे. मुळात प्रांत किंवा मुलूख या अर्थाच्या 'विलायत' या शब्दाने पुढे इंग्लंडचा बोध होऊ लागला. पण विलायती चिंच आणि विलायती बाभूळ ही झाडे इंग्लंडची नसून अमेरिका खंडातील आहेत. समुद्रापलीकडचे ते सर्व विलायती, एवढाच अर्थ तेथे अभिप्रेत आहे.

४. गनीम आणि बर्गी : दुसऱ्यांच्या तोंडचे 'आपण'

परकेपणदर्शक शब्दांचा विचार केवळ 'आपण इतरांना काय म्हणतो' एवढ्यावर थांबला तर तो अपुरा राहतो. मराठ्यांनाही इतरांनी नावे दिली. मुघलांच्या फार्सी लेखनात मराठ्यांचा उल्लेख 'गनीम' म्हणजे शत्रू किंवा लुटारू असा येतो. मराठीतही 'गनीम' म्हणजे शत्रूच. तथापि 'गनिमी कावा' ही संज्ञा मराठ्यांच्या युद्धपद्धतीचे अभिमानाने घेतले जाणारे नाव ठरली. तुच्छतेने दिलेला शब्द ज्याला दिला त्यानेच उचलून सन्मानाचा करावा, ही प्रक्रिया भाषेच्या इतिहासात वारंवार आढळते. मराठीतील तिचे हे ठळक उदाहरण होय.

दुसरे उदाहरण मराठी वाचकाला कमी सुखाचे आहे. मराठी लष्करात सरकारी घोडा घेऊन चाकरी करणाऱ्या स्वारास 'बारगीर' आणि स्वतःचा घोडा आणणाऱ्यास 'शिलेदार' म्हणत. महाराष्ट्रात ही एक सैनिकी श्रेणी होती. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. १७५१ मध्ये अलिवर्दीखानाशी झालेल्या तहाने त्या थांबल्या. या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये कलकत्त्यात जो खंदक खणण्यात आला तो 'मराठा डिच' या नावाने ओळखला गेला. बंगाली भाषेत 'बारगीर'चा 'बर्गी' झाला आणि तो लुटारूंच्या दहशतीचा शब्द बनून मुलांना निजवण्याच्या गाण्यातही शिरला. मराठी इतिहासात जो पराक्रमाचा अध्याय म्हणून वाचला जातो, त्यातील एक साधी लष्करी संज्ञा दुसऱ्या भाषेत भीतीचे नाव होऊन राहिली आहे. कोणत्याही समाजाने आपल्या कोशातील 'परका' वाचताना दुसऱ्याच्या कोशातील 'आपण'ही वाचावा, हा बोध या शब्दातून मिळतो.

५. उपरी ते उपरा : हक्कावरून ठरलेले परकेपण

आतापर्यंतचे शब्द दूरच्या माणसाविषयी होते. 'उपरा' हा शब्द गावात राहणाऱ्या माणसाविषयी आहे, म्हणून तो अधिक टोकदार आहे. मराठेशाहीतील जमीनधारणेत 'मिरासदार' किंवा 'थळकरी' हा वंशपरंपरागत हक्काने जमीन कसणारा शेतकरी होता, तर 'उपरी' हा असा वतनी हक्क नसलेला, कराराने जमीन कसणारा शेतकरी होता. दोघेही त्याच शिवारात घाम गाळीत. पण गावच्या मानपानात आणि निर्णयात उपऱ्याचे स्थान मिरासदारासारखे नव्हते. उपरी हा शब्द मुळात शिवी नव्हता, तो महसुली कागदातील एक वर्ग होता. 'तू बाहेरचा' या विधानाचा खरा आशय 'तुझा येथे हक्क नाही' हा असतो, हे या शब्दाने उघड केले आहे.

गावाच्या चौकटीत ज्यांना जमीन, वतन किंवा बलुते यांपैकी काहीच नव्हते, अशा भटक्या जमातींची स्थिती उपऱ्याहूनही बिकट होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात 'फिरस्त्यां'चा स्वतंत्र विचार आहे. त्यातील दृष्टी गावात स्थिर असलेल्या माणसाची आहे. तिला फिरता माणूस हा गावावरील भार वाटतो. ब्रिटिश सरकारने या दृष्टीला कायद्याचे रूप दिले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि १९२४ च्या सुधारित कायद्याने विशिष्ट जमातींत जन्मलेल्या माणसांवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का बसला. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती त्या कायद्यातून मुक्त झाल्या आणि त्यांना 'विमुक्त' हे नाव मिळाले. मात्र या नावातही जुन्या बंधनाची आठवण शिल्लक आहे. ज्याला कोणी बांधलेलेच नसते, त्याला कोणी विमुक्त म्हणत नाही.

१९८० मध्ये लक्ष्मण माने यांनी आपल्या आत्मकथनाला 'उपरा' हे नाव दिले, तेव्हा महसुली कागदातून बोलीत उतरलेला हा शब्द प्रथमच त्याच्या धन्याच्या तोंडून मराठी साहित्यात उच्चारला गेला. त्या पुस्तकाला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनालाही १९८८ मध्ये हाच सन्मान लाभला. समाजाने मारलेला शिक्का पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शीर्षक म्हणून छापणे ही 'गनिमी कावा'सारखीच पुनर्ग्रहणाची कृती आहे. फरक एवढाच की, गनिमांच्या हाती तलवार आणि राज्य होते. उपऱ्याजवळ केवळ लेखणी होती.

उपरेपणाची प्रक्रिया आजही थांबलेली नाही. धरणासाठी गाव सोडावे लागलेल्या कुटुंबांना सरकारी कागद 'प्रकल्पग्रस्त' म्हणतो, तर ज्या गावाशेजारी त्यांना वसवले जाते तेथील लोक त्यांच्या वस्तीला केवळ 'पुनर्वसन' म्हणतात. नव्या वस्तीत जन्मलेल्या पिढीने धरणाखालचे गाव पाहिलेलेही नसते. तरी तिचा पत्ता एका सरकारी प्रक्रियेच्या नावाने सांगितला जातो.

६. घरातील परकेपण : लेक, पाहुणा आणि तिऱ्हाईत

परकेपणाची सीमा देश, प्रांत, गाव यांवरून आत येत घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचते. मुलीला 'परक्याचे धन' म्हणण्याची रूढी मराठी समाजात दीर्घकाळ चालत आली आहे. ज्या घरात ती जन्मते तेथे ती जाणारी म्हणून परकी आणि ज्या घरात जाते तेथे आलेली म्हणून परक्या घरची. 'धन' या शब्दाने तिचे मोल सांगितले जाते. मात्र ते धन कोणाचे, हे सांगणाऱ्या षष्ठी विभक्तीत तिची मालकी दुसऱ्याकडे जाते. वारसाहक्काच्या कायद्यात २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः सहदायाद मानले. कायद्याने 'परक्याचे' हा शब्द खोडला, पण बोलीतून तो अद्याप गेलेला नाही. हक्क आणि परकेपण यांचे नाते 'उपरी' या शब्दाइतकेच येथेही स्पष्ट आहे.

सर्वच शब्द माणसाला दूर लोटणारे नाहीत. ग्रामीण भागात अनोळखी माणसाला 'काय पाव्हणं, कुठलं गाव?' असे विचारले जाते. 'पाव्हणा' या शब्दात अतिथी आणि सोयरा हे दोन्ही अर्थ असल्यामुळे अनोळखी माणसाला क्षणभर नात्याच्या जाळ्यात जागा मिळते. ही जागा मर्यादित मुदतीची असते. पहिल्या दिवशीचा पाहुणा तिसऱ्या दिवशी नकोसा होतो, हे म्हणींनी सांगून ठेवले आहे. तरीही संबोधन नात्याचे असल्यामुळे संभाषणाची सुरुवात संशयाने होत नाही.

'तिऱ्हाईत' या शब्दाचे महत्त्व वेगळे आहे. वादातील दोन पक्षांखेरीज तिसरा, हा त्याचा मूळ भाव. ज्याचा वादाच्या विषयात हितसंबंध नाही त्याचे मत निवाड्यात विश्वसनीय मानले जाते. 'त्रयस्थ' हा संस्कृत वळणाचा शब्दही याच अर्थाचा आहे. बाहेरचा असणे ही उणीव न ठरता पात्रता ठरते, असे मराठीतील हे शब्द आहेत. संशोधनात बाह्य परीक्षकाची नेमणूक ज्या तत्त्वावर केली जाते, तेच तत्त्व या जुन्या शब्दांत आहे.

७. महानगरातील शब्द : घाटी, भैया, परप्रांतीय

कोकणातील माणसाच्या दृष्टीने सह्याद्रीच्या वरचा तो 'घाटी' किंवा 'घाटावरचा'. ही भौगोलिक नोंद होती. मुंबईत गिरण्या, गोदी आणि बांधकामे यांसाठी मजूर आले, त्यांत घाटावरचे होते आणि मोठ्या संख्येने कोकणातीलही होते. शहरातील अमराठी वरच्या वर्गाच्या बोलण्यात 'घाटी' हा शब्द हळूहळू सर्वच मराठी श्रमिकांसाठी हिणवण्याचा शब्द बनला. ज्या कोकणी माणसाने दुसऱ्याला घाटी म्हटले तोही तेथे घाटीच ठरला. गोव्यात 'घांटी' हा शब्द घाटापलीकडून, म्हणजे महाराष्ट्र व कर्नाटकातून येणाऱ्या मजुरांसाठी वापरला जातो आणि त्यालाही अशीच अवहेलनेची छटा आहे.

मराठी माणसाने हा शब्द सोसला, तसेच इतरांसाठी शब्द वापरलेही. १९६० च्या दशकात मुंबईत दक्षिण भारतीयांविरुद्ध आंदोलन झाले तेव्हा तमिळ, मल्याळी, कन्नड, तेलुगू असे सर्व भाषक 'मद्रासी' या एका नावात कोंबले गेले. पुढील काळात रोख उत्तर भारतीयांकडे वळला आणि 'भैया' हा शब्द पुढे आला. २००८ च्या आंदोलनात तो सर्वतोमुखी झाला. हिंदीत 'भैया' म्हणजे थोरला भाऊ. नात्याचे संबोधन एखाद्या समूहाचे सामान्यनाम बनले की त्यातील नाते संपते. कसोटी सोपी आहे. 'भैया' ही हाक मारली तर ती जवळीक असते. 'ते भैये' असे अनेकवचन केले की ती वर्गवारी होते. गौतमी बलश्रीच्या लेखातील यवनांप्रमाणेच येथेही व्यक्तीचे नाव प्रथम नाहीसे होते.

'परप्रांतीय' हा शब्द वरवर तटस्थ आणि औपचारिक आहे. तथापि प्रशासकीय अर्थाचे 'प्रांत' १९५० मध्ये राज्यघटना अमलात आल्यावर 'राज्ये' झाले. प्रांत गेले, परप्रांतीय राहिले. घटनेने एकेरी नागरिकत्व स्वीकारले असून अनुच्छेद १९ अन्वये नागरिकाला भारतात कोठेही वास्तव्य करण्याचे स्वातंत्र्य आहे. म्हणून या शब्दाला राजकीय बळ असले तरी नागरिकत्वाच्या कायद्यात स्थान नाही. स्थानिकांच्या रोजगाराचा, भाषेचा आणि घरांचा प्रश्न खरा आहे आणि तो मांडण्याचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु तो मांडताना वापरलेला शब्द धोरणावर बोट ठेवतो की शेजाऱ्यावर, याचे भान आवश्यक ठरते.

२०२० मधील टाळेबंदीत या शब्दांची परीक्षा झाली. महामार्गांवरून पायी निघालेल्या माणसांना वृत्तपत्रांनी 'परप्रांतीय मजूर' आणि 'स्थलांतरित मजूर' अशी दोन्ही नावे दिली. पहिल्या नावात तो कोठला नाही हे सांगितले जाते, दुसऱ्या नावात त्याने काय केले हे सांगितले जाते. त्याच वेळी मुंबईहून कोकणातील आपल्या घरी परतणाऱ्या चाकरमान्यांना अनेक गावांनी वेशीबाहेर विलगीकरणात ठेवले. गणपतीला ज्याची वाट पाहिली जाते, ज्याच्या मनीऑर्डरवर गावाने वर्षानुवर्षे दिवस काढले, तोच रोगाच्या भीतीने काही आठवड्यांपुरता बाहेरचा ठरला. परकेपण हा संबंध आहे आणि तो भीतीने क्षणात बदलतो, याचा यापेक्षा जवळचा पुरावा आवश्यक नाही.

८. कायद्याचा शब्द

समाजातील शब्दांना अनेक छटा असतात; कायद्याला मात्र दोनच घरे माहीत असतात. १९४६ च्या विदेशी व्यक्तींविषयक कायद्याच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन व विदेशी व्यक्तींविषयीचा २०२५ चा कायदा लागू झाला आहे. या व्यवस्थेत जो भारताचा नागरिक नाही तो विदेशी. भाषा, पोशाख, वर्ण किंवा आडनाव यांना त्यात स्थान नाही. ही कोरडी व्याख्या एका अर्थाने न्याय्य आहे. कारण ती सिद्ध करता येते. अडचण उद्भवते ती समाजातील शब्द कायद्याच्या शब्दाच्या जागी बसवला जातो तेव्हा. चेहरेपट्टीवरून ईशान्य भारतातील विद्यार्थ्याला किंवा बोलीवरून बंगाली मजुराला 'विदेशी' समजणे म्हणजे कागदाने ठरवायची गोष्ट कानाने आणि डोळ्याने ठरवणे होय. म्लेच्छ शब्दाच्या काळातील ही कसोटी आजच्या नागरिकत्वाच्या व्यवस्थेत चालू शकत नाही.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. मराठीतील परकेपणदर्शक शब्द वाणी, प्रदेश, पोशाख, हक्क आणि नाते अशा भिन्न आधारांवर उभे आहेत. मात्र बाहेरच्या माणसाला काय मिळावे आणि काय मिळू नये, हे ठरवण्याचे काम त्यांपैकी बहुतेक करतात. या शब्दांची चढउतार मूळ अर्थावर अवलंबून नसून संबंधित समूहाच्या सत्तेवर आणि त्याच्याशी असलेल्या प्रत्यक्ष व्यवहारावर अवलंबून असते. व्यक्तीच्या नावासोबत येणारा शब्द ओळख देतो. नाव पुसून येणारा शब्द शिक्का बनतो. शिक्का बसलेल्यांनी तो शब्द स्वतः उच्चारला तर त्याचा अर्थ पालटू शकतो, हे 'गनिमी कावा' आणि 'उपरा' यांनी दाखवून दिले आहे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने याचे व्यावहारिक महत्त्व आहे. इतिहासाच्या तासाला 'यवन', समाजशास्त्राच्या तासाला 'भटके', अर्थशास्त्राच्या तासाला 'परप्रांतीय मजूर' आणि मराठीच्या तासाला 'उपरा' हे शब्द उच्चारले जातात. ज्याच्याविषयी ते उच्चारले जातात तो पुष्कळदा त्याच वर्गात, मागच्या बाकावर बसलेला असतो. कार्ल्याच्या स्तंभावर यवन दात्याचे नाव कोरताना त्याचे गावही कोरले गेले. वर्गातील विद्यार्थ्यालाही आधी त्याचे नाव आणि गाव विचारले जावे. त्याच्यासाठी समाजाने कोणता शब्द ठेवला आहे, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.